मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे दोषनिदान : ‘गॅस भरणे’ या प्रचलित पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

उन्हाळा सुरू झाला की मोटारीतील थंडावा कमी झाल्याची तक्रार घेऊन ग्राहक गॅरेजमध्ये जातो. पुष्कळदा ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल’ एवढेच निदान त्याला ऐकावयास मिळते. गॅस भरला जातो, गाडी थंड होते आणि काही काळाने तीच तक्रार पुन्हा उद्भवते. वस्तुतः ही यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातील प्रशीतक, म्हणजेच व्यवहारातील ‘गॅस’, इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. ते केवळ द्रव व वायू या अवस्थांमध्ये फिरत राहते. रबरी नळ्या व सांध्यांतून वर्षानुवर्षे होणारी अत्यल्प घट वगळता प्रशीतक कमी झाले असेल, तर गळती आहे हे निश्चित होय. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१. दाबमापनाचा अर्थ व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२. शास्त्रशुद्ध दुरुस्तीचा क्रम सांगणे.
३. या विषयाचे पर्यावरणीय व शैक्षणिक महत्त्व लक्षात आणून देणे.

यंत्रणेचे कार्य :

कॉम्प्रेसर प्रशीतकाच्या वायूचा दाब व तापमान वाढवितो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो वायू उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जातो. तेथे दाब एकदम उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये द्रवाचे बाष्पीभवन होऊन गाडीतील हवेची उष्णता शोषली जाते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा आल्यास ग्राहकाला जाणवणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे थंडावा कमी होणे. लक्षण एक आणि कारणे अनेक, म्हणूनच निदानाची आवश्यकता निर्माण होते.

दाबमापन व त्याचा अर्थ :

यंत्रणा बंद असताना गेजवर दिसणारा दाब प्रशीतकाचे प्रमाण सांगत नाही. आर-१३४ए या प्रशीतकाचा दाब ३० अंश सेल्सिअस तापमानाला दर चौरस इंचास सुमारे ९७ पौंड असतो. यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी हा आकडा तेवढाच राहतो. त्यामुळे ‘दाब आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

यंत्रणा चालू असताना कमी दाबाची व जास्त दाबाची अशी दोन्ही बाजूंची मापे एकत्र वाचावी लागतात. दोन्ही दाब कमी असल्यास प्रशीतक कमी असण्याची शक्यता असते; परंतु कॉइलवरून हवा पुरेशी न वाहिल्यासही तसेच घडू शकते. दोन्ही जास्त असल्यास प्रशीतकाचा अतिरेक, आत शिरलेली हवा, धुळीने भरलेला कंडेन्सर अथवा बंद पडलेला पंखा, यांपैकी कारण शोधावे लागते. कमी दाबाची बाजू वाढलेली व जास्त दाबाची उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसरची झीज संभवते. कमी दाबाची बाजू अधूनमधून निर्वाताकडे जात असेल, तर ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठत असण्याचा संशय घ्यावा.

ही मापे स्थानिक हवामानाशी ताडून पाहणे आवश्यक असते. बाहेरचे तापमान २५ अंश असताना जास्त दाबाच्या बाजूस दीडशे पौंडांच्या आसपास आकडा अपेक्षित असतो. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात तोच अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान जाणे स्वाभाविक आहे. महाबळेश्वरात जो आकडा दोष दर्शवील, तो चंद्रपुरात निर्दोष यंत्रणेचा असू शकतो.

गळतीचा शोध व दुरुस्ती :

प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. त्यामुळे सांध्यावरील तेलकट डाग हा गळतीचा पहिला पुरावा मानला जातो. त्यानंतर साबणाचे पाणी, इलेक्ट्रॉनिक शोधक अथवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग यांचा उपयोग करतात. यंत्रणा रिकामी असल्यास कोरड्या नायट्रोजनच्या दाबाने तपासणी करावी. यासाठी ऑक्सिजन कदापि वापरू नये, कारण तेलाशी संपर्क येऊन स्फोट होऊ शकतो.

दुरुस्तीपूर्वी उरलेले प्रशीतक हवेत न सोडता रिकव्हरी यंत्रात काढून घ्यावे व त्याचे वजन करावे. किती प्रशीतक गळाले होते, याचे विश्वसनीय उत्तर या वजनातूनच मिळते. दुरुस्तीनंतर निर्वात पंप चालविण्यामागे दोन हेतू असतात, हवा काढणे व ओलावा घालविणे. २५ अंश तापमानाला पाणी उकळण्यासाठी दाब सुमारे २४ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरावा लागतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर असतो. पाच मिनिटे पंप फिरविल्याने ओलावा पूर्ण जात नाही. राहिलेला ओलावा आम्ल निर्माण करून धातूचे भाग कुरतडतो. शेवटी उत्पादकाने दिलेल्या वजनाइतकेच प्रशीतक काट्यावर मोजून भरावे.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील उच्च व्होल्टेजच्या कॉम्प्रेसरमध्ये उत्पादकाने सांगितलेले तेलच घालावे. चुकीच्या तेलाने विद्युतरोधन कमकुवत होते.

पर्यावरणीय संदर्भ :

पूर्वी वापरात असलेले आर-१२ ओझोन थरास घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्या उत्पादनावर नियंत्रण आले. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही; मात्र शंभर वर्षांच्या मापनात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट मानली जाते. अर्धा किलो आर-१३४ए हवेत सोडणे हे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत १५० पटींहून अधिक क्षमतेची प्रशीतके वर्ज्य केली. २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून, तीनुसार या वर्गातील प्रशीतकांच्या वापरात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करून ती २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यावयाची आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने :

प्रात्यक्षिकात गॅस भरण्याच्या कृतीपेक्षा अनुमानाला अधिक गुण असावेत. कंडेन्सरचा काही भाग थोडा वेळ पुठ्ठ्याने झाकल्यास, किंवा आतील ब्लोअर बंद केल्यास, दाबांत होणारा बदल विद्यार्थ्यांना गेजवर प्रत्यक्ष पाहता येतो. पहिल्या प्रयोगात शिक्षकाने जास्त दाबाच्या काट्यावर सतत लक्ष ठेवावे. दोन्ही प्रयोगांत प्रशीतक एक ग्रॅमही कमी होत नाही, तरीही गाडीतील थंडावा घटतो. सिलिंडरला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने बाहेरचे तापमान, दोन्ही दाब व संभाव्य कारण लिहून द्यावे, असा नियम केल्यास निदानाची सवय लागेल.

निष्कर्ष :

१. बंद यंत्रणेतील दाबावरून प्रशीतकाचे प्रमाण ठरविता येत नाही. ते वजनावरूनच ठरते.
२. थंडावा कमी होणे याचा अर्थ प्रशीतक कमी होणे असा सरसकट लावता येत नाही.
३. गळती न शोधता केलेले पुनर्भरण ग्राहकाचा पैसा व वातावरण या दोहोंची हानी करते.
४. या सवयी गॅरेजमध्ये रुजण्यापूर्वी वर्गात रुजणे आवश्यक असल्याने तंत्रशिक्षणाच्या प्रात्यक्षिकांत निदानास मध्यवर्ती स्थान द्यावयास हवे.