बांधावरून खंदकात गेलेली पाती

१९३७ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, वलून सरोवराच्या काठी एक माणूस सुरीने आपल्या होडीचा जुना रंग खरवडत होता. फ्लोरिडात संत्र्यांच्या बागा असलेले बो रँडल ते पाहत उभे राहिले. एवढा रंग खरवडूनही सुरीची धार बसली नव्हती. ती विल्यम स्केगल नावाच्या, मिशिगनमध्येच एकांतात काम करणाऱ्या कारागिराच्या हातची होती. रँडलनी ती विकत घेतली आणि घरी जाऊन मोटारीच्या स्प्रिंगचे पोलाद ठोकून स्वतः सुरी घडवायला बसले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिक त्यांच्याकडे सुऱ्या मागू लागले आणि बागाईतदाराचा छंद जगभर नावाजलेला कारखाना झाला.

हाताने सुऱ्या घडवणाऱ्यांच्या जगात हा किस्सा वारंवार सांगितला जातो. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की रँडलना मोह पडला तो कामाचा, नक्षीचा नव्हे. जुने पाते हाती आले की जाणता कारागीर आधी त्याची पाठ पाहतो. मुठीजवळ ती किती जाड, टोकाकडे किती उतरली, वजन कुठे पडते, धारेचे पोट कुठे फुगते. वर्षानुवर्षे पाजवून पाते जिथे झिजले, तिथे ते चालवणाऱ्याची सवय उमटलेली असते. अशी पाती पाहत गेलो तसे माझे मत पक्के होत गेले: लष्कराच्या गाजलेल्या पात्यांपैकी हाताळताना खरी उतरतात ती बहुतेक शेतातून उचललेली आहेत.

फिलिपिन्सचा बोलो घ्या. टोकाकडे रुंद होत जाणारे हे पाते झाडोरा तोडायला, नारळ फोडायला तिथल्या घराघरात असते. वजन पुढे असल्याने मनगटाला फारसा जोर लावावा लागत नाही. पाते स्वतःच्या भाराने उतरते. सप्टेंबर १९०१ मध्ये बालांगिगा गावात गावकऱ्यांनी हेच बोलो घेऊन, देश ताब्यात घ्यायला आलेल्या अमेरिकेच्या तुकडीवर हल्ला केला. त्यात ४८ सैनिक मेले. अमेरिकेने सूड भयंकर घेतला, पण हत्याराची किंमतही तिला कळली होती. १९०४ आणि १९०९ साली त्याच धर्तीची पाती स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात सैन्यासाठी तयार झाली.

त्या बोलोची सर्वात मोठी कहाणी मात्र फ्रान्समधली. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या जंगलाजवळ हेन्री जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोन कृष्णवर्णीय अमेरिकी शिपाई रात्रीच्या पहाऱ्यावर होते. जर्मन टोळी चालून आली. रॉबर्ट्स जखमी झाला, जॉन्सनची रायफल अडकली. त्याने आधी दस्त्याने झोडपले, मग बोलो उपसला आणि रॉबर्ट्सला उचलून नेणाऱ्यांवर तुटून पडला. वीसहून जास्त जखमा अंगावर घेऊन त्याने साथीदार सोडवला. हा माणूस युद्धाआधी ऑल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करत असे. फ्रान्सने त्याला लगेच शौर्यपदक दिले; त्याच्या स्वतःच्या देशाचे सर्वोच्च पदक यायला २०१५ साल उजाडले. तोवर त्याला जाऊन ८६ वर्षे झाली होती. या अन्यायाचा उल्लेख टाळून बोलोबद्दल लिहिणे मला जमणार नाही.

कनेक्टिकटमधल्या कॉलिन्सव्हिल गावातही शेत आणि युद्ध एकाच भट्टीत भेटतात. १८२६ साली निघालेली तिथली कॉलिन्स कंपनी कुऱ्हाडी घडवी, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतल्या ऊस-केळीच्या मळ्यांसाठी तऱ्हेतऱ्हेचे माशेते, म्हणजे लांब पात्याचे कोयते. १८५७ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉन ब्राउन या गावी आला. कॅन्ससच्या चकमकीत शत्रूकडून मिळवलेली बोवी जातीची मोठी सुरी त्याने कंपनीतल्या चार्ल्स ब्लेअर या कारागिराला दाखवली आणि विचारले, अशी पाती सहा फुटी दांड्यांवर बसवून हजार भाले करून दे, काय घेशील? नगाला एक डॉलर ठरला. बंदूक कधी न धरलेल्या, नुकत्याच सुटलेल्या गुलामांच्या हाती ते द्यायचे होते. १८५९ मध्ये ब्राउनचा हार्पर्स फेरीचा उठाव फसला आणि भाले तसेच पडून राहिले. याच कंपनीचा १८ नंबरचा आखूड माशेते दुसऱ्या महायुद्धात कार्लसन या अमेरिकी अधिकाऱ्याच्या मरीन रेडर्स या छापामार पलटणीच्या कमरेला होता.

याउलट फेअरबर्न-साइक्स कट्यार. शांघायच्या पोलिसांत काम केलेल्या दोघांनी ती १९४० मध्ये आखली, विल्किन्सन सोर्डने ती बनवली आणि ब्रिटिश कमांडोंची ती ओळख झाली. दिसायला अतिशय देखणी. पण ती एकाच कामासाठी जन्मली. डबा उघडताना वा खोका उचकटताना तिचे निमुळते टोक मोडते. नव्या कारागिरांना ती फार भुरळ घालते. त्यांनी तिचा सांगाडा जरूर अभ्यासावा, पण पहिली सुरी तिच्या वळणावर घडवू नये.

खुकरीत शेत आणि युद्ध दोन्हींचे गुण आहेत. नेपाळच्या डोंगरात तिनेच लाकूड फुटते, बोकड कापला जातो, आणि तीच गोरखा पलटणीत जाते. तिथला कामी, म्हणजे लोहार, लाल पाते धरून किटलीने फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडतो. धार कडक होते, पाठ चिवट राहते. २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा विकत घेतला, तेव्हा त्यातून जुन्या खुकऱ्याही बाहेर पडल्या आणि शंभर वर्षांपूर्वीचे वळण जगभरच्या कारागिरांना प्रत्यक्ष हाती धरता आले.

ही विद्या पाहायला नेपाळला जायची गरज नाही. आपल्या आठवडी बाजारात घिसाड्याचे, म्हणजे फिरत्या लोहाराचे, पाल असते, तिथे थांबावे. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा छिन्नीने तोडून तो भट्टीत घालतो. त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. रँडलचे पहिले पोलादही याच जातीचे. पुरुष सांडशीत पाते धरून हातोडीने जागा दाखवतो आणि बाई त्या जागेवर घण घालते. कानशीने धार काढून झाली की पाते पुन्हा लाल करतात आणि फक्त धार पाण्यात बुडवून बाहेर काढतात. मग दगडावर घासून उजळ केलेल्या पट्टीवर नजर लागते. पाठीतली राहिलेली उष्णता धारेकडे सरकते तसा रंग चढतो: आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगाला थांबायचे हे हत्यारावर ठरते. हवा तो रंग आला की सगळे पाते पाण्यात. तापमापक नाही, तेलाची टाकी नाही. किटली नसली तरी तत्त्व खुकरीचेच.

आकारही कामच ठरवते. कोकणी कोयत्याचे टोक चोचीसारखे आत वळते, कारण फांदी आधी अडकवून ओढायची असते. उसाचा कोयता जमिनीलगत चालवावा लागतो. बुंध्यात साखर सर्वात जास्त, वर तोडले तर तेवढे नुकसान. म्हणून तोडणीवाल्याला दिवसभर कमरेत वाकून राहावे लागते आणि कोयता हलका हवा असतो.

पात्याला कामानेच जोखणारा आणखी एक अमेरिकी कारागीर म्हणजे मेरीलँडचा बिल मोरन. तो दूधदुभत्याच्या शेतावर वाढला. शेत विकून तो पूर्णवेळ सुऱ्या घडवू लागला, १९७३ मध्ये त्याने दमास्कस (थर एकत्र ठोकून घडवलेल्या) पोलादाच्या सुऱ्या मांडून अमेरिकेत ती कला पुन्हा जागवली आणि १९७६ मध्ये घडाईकारांची संघटना उभी केली. तिची परीक्षा पाहावी: मोकळा लोंबता इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तुटला पाहिजे, दोन-बाय-चारची लाकडी पट्टी दोनदा तोडली पाहिजे, त्यानंतरही हातावरचा केस उतरला पाहिजे, आणि शेवटी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून पाते काटकोनात वाकवले तरी मोडता कामा नये. परीक्षेच्या या भागात मुठीचा हस्तिदंत किंवा पात्यावरची वेलबुट्टी कोणी विचारत नाही. चांगला घिसाडी थोड्या सरावात यात उतरेल असे मला मनापासून वाटते.

आपला शस्त्रकायदाही नकळत शेत आणि शस्त्राचा हाच संबंध मान्य करतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरते आणि त्यात खुकरीचे नाव स्पष्ट आहे. पण घरकाम, शेती, शास्त्र वा उद्योगासाठी घडवलेले पाते त्यातून वगळले आहे. मापे तीच, फरक हेतूचा. अलीकडे पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ वाचून कोयता म्हणजे गुन्हा अशी समजूत रुजते आहे, त्याचे मला वाईट वाटते. संग्रहालयांत तलवारी, पट्टे, कट्यारी जपून मांडलेल्या दिसतात. त्यांच्या शेजारी तळकोकणातला, मावळातला, मराठवाड्यातला एकेक जुना कोयता ठेवावा. सोबत पाठीची जाडी, वजन, मुठीचे लाकूड आणि गावाचे नाव लिहावे, आणि घडवणाऱ्याचे नाव कळत असेल तर तेही. घिसाड्यांची पुढची पिढी हा धंदा सोडते आहे, त्यामुळे ही मोजमापे आजच्या घिसाड्यांकडूनच आत्ता विचारून घ्यायला हवीत.