बेरूलाही उसिरु असतो!

केळीला पाणी कमी पडले की आपण पानांकडे बघतो. पाने मधल्या शिरेपाशी दुमडून लोंबू लागली की जीव हळहळतो. पण खरी कसोटी जमिनीखाली लागते. आपल्या घरांत आजी ‘बेरु’ म्हणते, सून ‘मूळ’ म्हणते. त्या मुळालाही श्वास असतो. बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात गेले असताना, केळीच्या त्या मुलखात, मला हे प्रकर्षाने जाणवले.

मूळ मातीतल्या पोकळीतून प्राणवायू घेते आणि पानांनी पाठवलेली साखर जाळते. त्या शक्तीवर ते वाढते, अन्नद्रव्ये ओढते. अवर्षणात पाणी वाचवण्यासाठी पाने आपली रंध्रे मिटून घेतात. साखर कमी बनते, मुळांचा शिधा घटतो. उलट जमीन तापली की नुसते जगण्यासाठी लागणारा श्वासाचा खर्च वाढतो. मिळकत कमी, खर्च जास्त. अशा संसाराचे जे होते, तेच मुळांचे. माती फारच वाळली की श्वास मंदावतो आणि बारीक तंतुमुळे मरू लागतात. केळीची बहुतेक मुळे वरच्या थरात, म्हणून तिला फटका लवकर बसतो. काळी जमीन भेगाळली की मुळे तुटतात, ते वेगळेच.

मग पाणी आले की पाट भरून सोडण्याचा मोह होतो. इथेच सांभाळायला हवे. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. तहानेने अशक्त झालेली मुळे साचलेल्या पाण्यात गुदमरतात. आपले जुने लोक ‘वाफसा’ म्हणत, कन्नडमध्ये ‘हद’. ओल आणि हवा, दोन्ही बेताने.

लालबागजवळच कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, मुघल अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. आपल्या बीदरच्या नौबादची करेझ याच जातीची. दोन्हीकडे पाणी थोडे, पण अखंड.

बागेलाही तेच मानवते. ठिबकने थोडे थोडे पाणी, बुंध्याभोवती वाळल्या पानांचे आच्छादन, जादा मुनवे वेळीच काढणे. घड निसवण्याच्या काळात तर पाण्याचा खंड पडूच देऊ नये. पाने सुकलेली डोळ्यांना दिसतात. गुदमरलेले मूळ दिसत नाही. म्हणून पाणी सोडण्याआधी मूठभर माती हातात घेऊन पाहावी.