परतीची मुभा

परदेशी एकट्याने गेलेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडे निघण्याच्या दिवसापासून सुरू होते. स्टेशनवरचे हार, आईने बांधून दिलेला डबा, पहिला बर्फ. नागपूर-वर्धा पट्ट्यातून गेल्या सव्वाशे वर्षांत असे जे निघाले त्यांचा मागोवा घेताना मला मात्र दुसरंच काही दिसत राहतं. निघणं त्या त्या काळात कसंबसं जमलेलंच आहे. परत कधी येता येईल आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न सुटत नव्हता. तिकडचं सगळं जगणं, खाणंपिणं, मनाची तगमग त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचंच बघा. जन्म १८८४चा, शाळा वर्ध्याची, पुढचं शिक्षण नागपूरचं. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा पोरगा ऐन विशीत जपानमार्गे अमेरिकेला गेला. ध्येय मोठं होतं, सशस्त्र क्रांतीचं. पण पोट कोणाचंही ऐकत नाही. पडेल ते काम करत त्याने कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतलं, मग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या कॉलेजात शेतीशास्त्र. गदर चळवळीच्या उभारणीत तो होता. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये टोळीवाल्यांना घेऊन इंग्रजांशी लढला, पकडला गेला, निसटला. नंतर बर्लिन, १९२१मध्ये मॉस्को आणि अखेर १९२४मध्ये मेक्सिको.

मेक्सिकोत एका वैदर्भीय माणसाने काय करावं? त्याने मका आणि गहू सुधारला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उघडल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पंगतीत मधोमध बसून भाकरी मोडून वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजेच. मेक्सिकोत येणारे किती पाहुणे त्या भिंतीसमोर उभे राहत असतील, आणि त्यातल्या कितींना वर्धा ठाऊक असेल! १९३६मध्ये त्यांनी बेल्जियन मुलीशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. संसार तिकडचा झाला, तरी ओढ इकडचीच राहिली.

आणि मग देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते मिळालं, आता परतायला हरकत नव्हती. पण इंग्रजांनी काळ्या यादीत घातलेलं खानखोजे यांचं नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरात तसंच राहिलं होतं. प्रवेशाची परवानगी आधी नाकारली गेली. पुढे तो निर्णय फिरला आणि १९५५मध्ये सत्तरीतला हा माणूस बायकामुलींसह नागपुरात राहायला आला. २२ जानेवारी १९६७ला इथेच गेला. शहराने त्यांची फार आठवण ठेवली असं म्हणवत नाही. त्यांची कहाणी त्यांची मुलगी सावित्री सहानी यांनी इंग्रजीत सविस्तर लिहिली.

दुसरं उदाहरण नागपूरच्या मातीतलं नाही, पण नागपूर ज्यांना आपलं मानतं त्यांचं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६मध्ये लंडनला. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, कारण करारानुसार बडोद्याची नोकरी करायची होती. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं युद्धाच्या धामधुमीत बुडाली. खानखोज्यांना परत येऊ दिलं जात नव्हतं, बाबासाहेबांना राहू दिलं गेलं नाही. बरं तर बरं, लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेलं कर्ज या जोरावर ते १९२०मध्ये पुन्हा गेले. दिवसभर ग्रंथालयात, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. पापडाची ही हकिकत नागपुरातून लंडनला निघणाऱ्या पोरांना पाठ असते. तिकडे कधीतरी उपाशी झोपायची वेळ आलीच, तर ती कामी येते.

स्वातंत्र्यानंतर जाणाऱ्यांचा तोंडवळा बदलला. नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था १९४२पासून होतीच, १९६०मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. आज त्याला व्हीएनआयटी म्हणतात, पण जुने लोक अजून ‘व्हीआरसीई’च म्हणतात. १९६५मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि या दोन संस्थांमधली हुशार मुलं अमेरिकेच्या वाटेला लागली. व्हिसासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, ब्रीच कँडीच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाबाहेर रांगेत उभं राहायचं. अख्खं कुटुंब निरोप द्यायला मुंबईपर्यंत जायचं, कारण पुन्हा भेट कधी हे कोणालाच सांगता यायचं नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी परकीय चलनाची इतकी टंचाई होती, की परदेशी शिकायला जाणाऱ्याला सोबत आठ डॉलर नेता यायचे. आठ! ‘आम्ही आठ डॉलर घेऊन उतरलो होतो’ हे त्या पिढीचं पालुपद आता नातवंडांना कंटाळवाणं वाटतं, पण त्याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. विमानतळावरून विद्यापीठाच्या गावापर्यंत बसचं भाडं दिलं की खिसा रिकामा. कोणीतरी सीनियर घ्यायला आला नाही, तर पहिली रात्र कुठे काढायची? म्हणून आधीच्या वर्षी गेलेल्या, कधी चेहराही न पाहिलेल्या मुलाला पत्र टाकायचं. त्याने जुन्या गादीवर झोपवायचं, दुकान दाखवायचं, पहिला चेक हाती येईपर्यंत उधारी चालवायची. एकट्याने गेलेला माणूस खरं तर अशा अनोळखी खांद्यांवरच उभा राहत आला आहे. घरी कधी गॅस न पेटवलेली ही मुलं तिकडे वरणाचा अंदाज शिकली. १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि पुढे परदेशी निघालेल्या मराठी बॅगेत ते हटकून असायचं. मसाला मात्र घरून जायचा. सावजी तिखटाची सवय असलेल्या जिभेला तिकडचं उकडलेलं जेवण आजारपणातलं वाटे.

पत्रांचं तर वेगळंच प्रकरण. १९४९पासून सत्तरच्या दशकापर्यंत देशाची रात्रीची हवाई टपाल सेवा नागपुरात एकत्र यायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर उतरायची, पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतायची. देशभरातल्या आयांच्या नावची पत्रं झोपलेल्या नागपूरच्या धावपट्टीवर हात बदलत होती. तरी अमेरिकेतून निघालेला निळा एरोग्राम नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात पोचायला दहा-पंधरा दिवस घेई. त्यामुळे पत्रात खरं लिहायची सोयच नव्हती. ताप आला लिहावं, तर आई वाचेपर्यंत तो उतरलेला असणार आणि तिची काळजी तेव्हा सुरू होणार. म्हणून ‘मी मजेत आहे’ लिहायचं. इकडूनही तेच. वडील गेल्याचं कळवणारी तार वेळेत पोचली, तरी तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? तेरावं झाल्यावर आलेल्या पत्रातून अंत्यविधीची सगळी हकिकत वाचायची आणि वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने आंघोळ करायची. त्या पिढीतले बरेच जण या एकाच प्रसंगाबद्दल बोलत नाहीत.

पुढे एसटीडी-आयएसडीचे पिवळे बूथ आले, मग ईमेल, मग संगणकाच्या नोकऱ्यांची लाट. तो काळ पटकन ओलांडला तरी चालेल, कारण तेव्हा जाणारे बहुतेक कंपनीच्या आधाराने गेले आणि जोडीने राहिले.

एकट्याने जाणं पुन्हा वाढलं ते गेल्या वीसेक वर्षांत, आणि यात पैशाची बाजू पार उलटली. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायला परवानगी दिली, आता ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरवरून अडीच लाखांवर आलो, छानच. पण एवढे पैसे नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात असतात कुठे? ते कर्जातून येतात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. मग मनीषनगरचा फ्लॅट किंवा काटोलकडची संत्र्याची बाग गहाण पडते. जर्मनीत फी नाममात्र, म्हणून तिकडे ओढा वाढला. पण तिथेही आधी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात.

आता मुलगी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दिसते. खोली दिसते, भांडी दिसतात, आईला तिचे काळवंडलेले डोळेही दिसतात. तरी ‘मजेत आहे’ हेच उत्तर, आणि कारण टपालाचं राहिलेलं नाही. नोकरी मिळत नाहीये, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, जीव घाबरतो, हे ती बोलली तर वडील लगेच म्हणतील, ‘ये बापा परत.’ आणि परत आली तर हप्ते रुपयांतल्या पगारातून फिटणार नाहीत, हे दोघांनाही माहीत असतं. खानखोज्यांची वाट सरकारने अडवली होती. या मुलीची वाट तिच्याच घराच्या सातबाऱ्याने अडवली आहे, आणि मला तर ही अडवणूक जास्त कठीण वाटते. तिथे रागवायला सरकार तरी होतं.

कर्जाशिवाय जाणारे आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विदर्भाच्या वस्त्यांमधून, घरातले पहिले पदवीधर असलेली मुलं तिच्यावर इंग्लंडला पोचली, आणि बाबासाहेब राहिले ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जे राज्य सरकारने २०१५मध्ये विकत घेतलं, ते पाहून आली. त्यांच्या अडचणी वेगळ्या. कागदपत्रं इकडच्या कार्यालयात अडकतात, निर्वाह भत्ता उशिरा येतो, आणि लंडनचा घरमालक मंत्रालयाच्या फायलीची वाट पाहत नाही. पण पदवी घेऊन परतायचं की थांबायचं, हे निदान त्यांना हप्त्याकडे न बघता ठरवता येतं.

मार्च २०२०मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि सगळ्यांचीच परतीची वाट एका रात्रीत मिटली. धंतोलीच्या एखाद्या दवाखान्यात वडील गेले आणि मेलबर्नच्या पोराने मोक्षधामावरचा अग्नी मोबाइलवर पाहिला, असं तेव्हा बऱ्याच घरांत झालं. तार आणि तेराव्याची गोष्ट ज्यांनी अनुभवली होती, त्या काकांना यात नवं काही वाटलं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसा अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा इकडे आलेले काही जण सगळं सोडून विमानतळाकडे पळाले. जाऊन परत येता येईल याची खात्री आता उलट्या बाजूनेही उरलेली नाही.

एवढं करून जे परततात त्यांना इथे पहिला प्रश्न येतो, ‘काहून परत आला बे?’ गल्लीने गृहीत धरलेलं असतं, की तिकडे जमलं नाही. मुलं मग मित्रांच्या लग्नाला जायचं टाळतात, पुणे-बंगळुरूची नोकरी धरतात. सोनेगावहून आता शारजा-दोह्याला थेट विमान जातं, मुंबईपर्यंत हार घेऊन जायची गरज राहिली नाही. मुलाला पाठवणाऱ्या ओळखीतल्या आईबापांना मी एवढंच सुचवतो, की कर्जाच्या रकमेत परतीचं एक तिकीट आणि तीन महिन्यांचे हप्ते धरा, ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि तसं त्याला निघण्याआधी स्पष्ट सांगा. बहुतेक जण म्हणतात, निघताना असं अभद्र बोलू नये. एका घरी मात्र आजीने मध्येच विचारलं, कोणत्या बँकेत ठेवायचे म्हणता?