फुकटाचा हिशेब

आपण मोबाइलवर रस्ता शोधतो, परगावच्या लेकीशी बोलतो, गाणं ऐकतो, नातवाचे फोटो साठवतो. महिनाअखेर दूधवाल्याचं बिल येतं, वाण्याचं येतं, विजेचं येतं. इंटरनेटच्या जोडणीचेही पैसे आपण भरतो. पण नकाशाचं, पत्रपेटीचं किंवा शोधयंत्राचं बिल येत नाही. तरीही या सेवा देणाऱ्या कंपन्या जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांत मोडतात. मग हा पैसा येतो तरी कुठून?

लोकांना फुकट काही ऐकवायचं आणि खर्च जाहिरातदाराकडून काढायचा, ही रीत जुनीच आहे. पूर्वी रेडिओ ऐकायला परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पण रेडिओवरची साबणाची जाहिरात सगळ्यांना सारखीच ऐकू येते. ती कुणी ऐकली, कुणी मधेच रेडिओ बंद केला, कुणी दुसऱ्या दिवशी तो साबण आणला, हे रेडिओला कळत नाही. आपण रेडिओ ऐकतो, रेडिओ आपल्याला ऐकत नाही.

मोबाइलचं तसं नाही. तो चोरून कान देतो, असं म्हणण्याची गरज नाही. आपण काय शोधलं, कुठे थांबलो, कोणत्या चित्रावर बोट रेंगाळलं, रात्री किती वाजेपर्यंत जागे होतो, या साध्या नोंदीच पुरेशा असतात. एकेक नोंद क्षुल्लक. पण वर्षभराच्या नोंदी एकत्र केल्या की आपल्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसलेला माणूस त्यातून उभा राहतो.

या नोंदींचा पैसा कसा होतो, ते पाहू. समजा, आपण ‘गुडघेदुखीवर उपाय’ असं शोधलं. उत्तरांचं पान उघडण्याआधी, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर एक लिलाव होतो. तेल विकणारा, पट्टा विकणारा, शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय, सगळ्यांनी आपापली बोली आधीच सांगून ठेवलेली असते. यंत्र बोली पाहतं, ती जाहिरात आपल्या उपयोगाची किती तेही पाहतं आणि जागा ठरवतं. आपण जाहिरातीवर बोट ठेवलं, की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. गूगलनं हा जाहिरातींचा व्यवसाय २००० मध्ये सुरू केला. २०२४ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीचं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होतं आणि त्यातले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपची मालकी असलेल्या मेटाचं त्याच वर्षीचं उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर. त्यातलं १६० अब्जांहून अधिक जाहिरातींचं. म्हणजे १०० डॉलरमधले ९७ हून अधिक.

‘या कंपन्या आपली माहिती विकतात’ असं सरसकट म्हटलं जातं. ते नेमकं नाही. माहितीची वही त्या सहसा कुणाच्या हाती देत नाहीत. ती तर त्यांची दुभती गाय आहे. त्या विकतात ती आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट. ‘पस्तिशीतल्या, नुकतंच बाळ झालेल्या, पुण्यात राहणाऱ्या बायकांपुढे माझी जाहिरात ठेवा’ असं दुकानदार सांगतो आणि कंपनी ती ठेवते. दुकानदाराला नावं कळत नाहीत. कंपनीला मात्र सगळं कळलेलं असतं.

या वहीची किंमत किती, हे एकदा उघड झालं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आयफोनमध्ये एक प्रश्न आणला. ‘हे अ‍ॅप इतर अ‍ॅपमध्ये आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढू इच्छितं, परवानगी द्यायची का?’ असा त्याचा आशय. पुष्कळांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी मेटानं सांगितलं, की या बदलामुळे २०२२ मध्ये आपलं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. आपण ‘माझी माहिती ती काय, तिला कोण विचारतो’ असं म्हणतो, तिचा हा भाव.

पण म्हणून अ‍ॅपल साधुसंत ठरत नाही. तिचं दुकान वेगळं आहे, इतकंच. फोन एकदा विकला की व्यवहार संपला, हा झाला जुना व्यापार. आता खरी बरकत असते ती फोननंतरच्या विक्रीत, म्हणजे साठवणुकीची जागा, गाणी, विमा आणि अ‍ॅपच्या व्यवहारांवरचं कमिशन यांत. बाजार समितीत अडत्या मालावर आडत घेतो, तशी अ‍ॅपल २००८ पासून आपल्या अ‍ॅप स्टोअरमध्ये ती घेत आली. दर साधारण ३० टक्के. लहान व्यावसायिकांसाठी २०२१ पासून १५ टक्के. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचं सेवांमधलं उत्पन्न ९६ अब्ज डॉलर झालं. वस्तू विकून १०० डॉलर आले, तर थेट खर्च वजा जाता ३७ उरत. सेवांच्या १०० डॉलरमधून जवळजवळ ७४ उरत. फोन हा उंबरठा, कमाई आतल्या खोल्यांत.

जाहिरात आणि सेवा या कमाईच्या दोन वाटा झाल्या. त्या वर्षानुवर्षं वाहत्या राहाव्यात म्हणून तिसरी गोष्ट लागते : गिऱ्हाइकानं निघून जाता कामा नये. त्याला दाराशी पहारेकरी बसवून अडवायचं नसतं. निघणं इतकं त्रासाचं करायचं, की त्यानंच म्हणावं, ‘जाऊ दे, राहू इथंच.’

गूगलनं फोटो साठवण्याची सेवा २०१५ मध्ये सुरू केली. थोडा आकार कमी करून कितीही फोटो ठेवा, फुकट. लोकांनी बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे फोटो तिथे नेऊन ठेवले. १ जून २०२१ पासून नियम बदलला. त्यानंतरचे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले आणि ती मर्यादा पत्रं, कागदपत्रं, फोटो या सगळ्यांना मिळून एकच होती. जागा भरली की महिन्याचे पैसे भरा. रक्कम मोठी नाही. शिवाय फोटो काढून नेण्याची सोय कंपनीनं ठेवलेली आहे. पण हजारो फोटो उतरवून घ्यायचे, दुसरीकडे लावायचे, हा व्याप कोण करणार? आठवणींचं भाडं मग मुकाट भरलं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट याहून बोलकी आहे. सुरुवातीला ती सेवा वर्षाला १ डॉलर इतकं नाममात्र शुल्क आकारे आणि तिचे संस्थापक जाहिरातींच्या विरोधात होते. २०१४ मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलरला ती घेण्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये शुल्क गेलं आणि त्याच वर्षी काही माहिती फेसबुकला देण्याचं धोरण आलं. आपले संदेश कुलूपबंद असतात, ते कंपनीलाही वाचता येत नाहीत, हे खरं आहे. पण पत्र न वाचताही पोस्टमनला पाकिटावरून पुष्कळ कळतं. कोण कुणाला, केव्हा, किती वेळा लिहितो, हे वरूनच दिसतं. २०२१ मध्ये नवं धोरण मान्य करा असं फर्मान निघालं, तेव्हा बरेच लोक चिडले, काहींनी दुसरी अ‍ॅप घेतली आणि त्यातले कितीतरी परत आले. कारण शाळेचा गट तिथे, सोसायटीचा तिथे, भावकीचा तिथे. मी एकटा उठून गेलो तर बोलू कुणाशी? जून २०२५ मध्ये स्टेटस दिसतं त्या भागात जाहिराती आणण्याची घोषणाही झाली. संस्थापक तोवर कधीच बाहेर पडले होते.

मराठीत लिहिणाऱ्या आमच्या पिढीला या कोंडीची ओळख फार आधी झाली. संगणकावर मराठी आलं तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि अक्षरांचे आतले संकेतही वेगळे. एका फाँटमधली कविता दुसऱ्या संगणकावर उघडली, की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा शिमगा दिसे. शब्द आपले, पण किल्ली दुसऱ्याकडे. प्रकाशक एका सॉफ्टवेअरला बांधलेला, म्हणून लेखकही बांधलेला. युनिकोड रुळलं तेव्हा ही गाठ सुटली. कारण ‘क’ साठी जगभर एकच संकेत झाला.

यातच या दुखण्याचं औषध दिसतं. सगळ्यांना समान नियम असला की कोंडी फुटते. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी वाईट सेवाही आपण केवळ नंबरापायी सोसत होतो. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमध्ये एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवाल्याला पैसे जातात. ई-मेलही कोणत्याही कंपनीकडून कोणत्याही कंपनीकडे जातो. म्हणजे संदेशांना भिंती हव्यात, हा काही यंत्राचा नियम नव्हे. तो व्यापाराचा नियम आहे.

आपल्या सवयीलाही मोल असतं. आयफोन उघडल्यावर शोधयंत्र म्हणून गूगल आपोआप समोर यावं, यासाठी गूगलनं २०२२ मध्ये अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. शोधयंत्र बदलायला काही वेळा बोट लावावं लागतं. ते बहुतेक जण लावत नाहीत, या खात्रीची ती किंमत होती. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला.

आपल्याकडेही कायदा जागा होतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडमधल्या मक्तेदारीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं संमत केला. दंडाचे आकडे आपल्याला डोंगराएवढे वाटतात. या कंपन्यांच्या उत्पन्नापुढे ते खडे आहेत. तरी खडा बुटात गेला की चालणाऱ्याला थांबावं लागतं.

या सेवा टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या मुलीला जगातलं ग्रंथालय फुकट मिळतं, ही लहान गोष्ट नाही. पण माणसाला एक अशी जागा लागते, जिथे त्याच्याकडे कुणी पाहत नाही. दुआ तिथे मागितली जाते, पश्चात्ताप तिथे होतो, कविताही तिथेच सुचते. आजारपण, कर्ज, मनातली शंका यांचा पहिला प्रश्न आता आपण माणसाला विचारत नाही, यंत्राला विचारतो. त्या प्रश्नाची नोंद कुणाकडे राहते, याची पर्वा करायला हवी.

तेव्हा काही साध्या गोष्टी कराव्यात. टॉर्चचं अ‍ॅप आपल्या फोनमधले नंबर मागत असेल, तर ‘का’ म्हणून विचारावं आणि नाही म्हणावं. फोटोंची आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरच्या डिस्कवर ठेवावी. आपोआप समोर येणाऱ्या पर्यायाखेरीज दुसरा पर्याय आहे का, ते एकदा पाहावं. एखादी चांगली सेवा परवडण्याजोगे पैसे मागत असेल, तर ते आनंदानं द्यावेत. आणि नवी फुकट सेवा घेताना आत शिरण्यापूर्वी तिचं बाहेर पडायचं दार कुठे आहे, हे आधी विचारून घ्यावं.