मुठीचे वंगण

दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले कोपर स्थानक दोन मजली आहे; खालून कल्याणकडे जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग आणि वरून दिवा-वसई मार्ग अशी त्याची रचना असून, जवळच उल्हास नदीच्या खाडीचा आणि तिवरांचा प्रदेश पसरलेला आहे. सकाळची लोकल गाठण्याच्या निकडीने जी नोकरदार मंडळी आपल्या मोटारसायकली स्थानकाच्या परिसरात उभ्या करून जातात, त्यांची वाहने दिवसभर ऊन, वर्षातले चार महिने पाऊस आणि बाराही महिने दमट, खारट वारा सोशीत उघड्यावर राहतात. या हवेचा परिणाम चालकाच्या हाताला जाणवण्याची एक जागा म्हणजे उजवी मूठ: ती जड फिरू लागते, मध्येच अडखळते, आणि सोडल्यावर पूर्वीच्या तत्परतेने मागे येत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात तेलाच्या बुधलीकडे जातो. परंतु कोणते तेल, कोठे आणि किती, याचा विचार झाल्याखेरीज तो उपाय अपायकारक ठरू शकतो.

या यंत्रणेची रचना समजून घेतली म्हणजे वंगणाची निवड पुष्कळशी आपोआप होते. मुठीच्या रबराखाली प्लास्टिकची एक नळी असते व ती हँडलच्या पोलादी दांड्यावर फिरते. नळी फिरली की तिला अडकवलेली पोलादी तार ओढली जाते. ही तार लवचीक आवरणातून वळणे घेत कार्ब्युरेटरपर्यंत किंवा, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ नियमांनंतरच्या बहुतेक वाहनांत, थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते आणि तेथील झडप उघडून इंजिनाची रेस वाढविते. आवरणातून सरकणाऱ्या तारेने ओढ पोहोचविण्याची ही योजना अर्नेस्ट बाउडन यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिचे ब्रिटिश पेटंट १८९६ सालचे आहे. तारेला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून मूठ सोडल्यावर झडप बंद करण्याची जबाबदारी एका स्प्रिंगवर सोपविलेली असते. काही वाहनांत झडप मागे ओढून घेणारी दुसरी तारही असते. तथापि मुख्य भिस्त स्प्रिंगवरच. मुठीची खरी परीक्षा ती किती हलकेपणाने उघडते यात नसून, सोडताच ती स्वतःहून पूर्णपणे मिटते की नाही यात आहे, आणि वंगणाची योग्यताही याच कसोटीवर ठरली पाहिजे.

प्रथम तारेचा विचार करू. जुन्या काळच्या केबलींत पोलादी तार बहुधा पोलादी आवरणातच घासत असे. तेथे धातूवर धातू असल्यामुळे पातळ तेलाचा थर आवश्यकच होता. आजच्या बहुसंख्य केबलींत आवरणाच्या आत नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे अस्तर असते. टेफ्लॉन म्हणजे रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली अकस्मात सापडलेला, घर्षण अत्यल्प असलेला पदार्थ. अशा अस्तराला मुळात वंगणाची फारशी गरज नसते, आणि म्हणूनच अनेक केबलींच्या बाबतीत निर्माते तेल न घालण्याचीच सूचना देतात. वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत तसे लिहिले असेल तर तो शब्द अखेरचा मानावा. तशी मनाई नसेल तर केबलसाठी बनविलेले पातळ तेल किंवा टेफ्लॉनयुक्त कोरडे वंगण वापरावे. दाट ग्रीस मात्र तारेच्या लांबीभर कधीही भरू नये. ते आत सरकत नाही, सरकले तरी धुळीला धरून ठेवते, आणि शिळफाटा रस्त्यावरील धूळ त्यात मिसळली म्हणजे त्याचे तार खाणाऱ्या लुकणात रूपांतर होते.

मुठीच्या नळीची गोष्ट वेगळी आहे. तेथे प्लास्टिक पोलादावर फिरते आणि वर रबर असते. खनिज तेल रबरात मुरून ते फुगविते व सैल करते, आणि सैल झालेले रबर नळीवर घसरू लागले तर चालकाचा ताबाच ढिला होतो. म्हणून ही जागा प्रथम स्वच्छ पुसावी, दांड्यावर गंज असल्यास तो काढावा, आणि नंतर ती कोरडी ठेवावी किंवा सिलिकोन वंगणाचा अत्यंत पातळ हात द्यावा. तारेच्या टोकाचा गोल गट्टू नळीच्या खाचेत जेथे फिरतो, तेवढ्या जागी मात्र लिथियम ग्रीसचा मुगाएवढा थेंब हितकारक असतो. तेथे गट्टू अडकू लागला म्हणजे तार त्याच ठिकाणी पुन्हापुन्हा वाकून तुटते.

आता घरोघरी आढळणाऱ्या फवाऱ्याविषयी. डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे धातूवरील पाणी हटविण्यासाठी तयार झाले. पावसात भिजलेल्या केबलीतून ओल व सैल गंज बाहेर काढण्यास ते उपयोगी आहे. पण त्याचा पातळ थर फार काळ टिकत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवून पावसाळा काढता येणार नाही. ओल गेल्यावर योग्य वंगण द्यावेच लागते.

कोपरसारख्या खाडीकाठच्या वस्तीत ही तजवीज मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास करावी. केबलचे वरचे टोक सोडवून त्याभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा घट्ट बांधावा, त्यात थोडे तेल घालावे आणि खालच्या टोकाशी फडके धरून तेल उतरेपर्यंत केबल लोंबकळत ठेवावी. खालचे टोकही सोडविलेले असावे, म्हणजे तेल कार्ब्युरेटरात जाणार नाही. तारेचा एखादा तंतूही तुटलेला किंवा गंजाने फुललेला दिसला, तर वंगणाचा विचार सोडून नवी केबल बसवावी.

जोडणीनंतरची तपासणी हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मुठीला बहुतेक वाहनांत २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते. आपल्या वाहनाचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण उघडून सोडावी, आणि हँडल सरळ, डावीकडे व उजवीकडे असताना तीनही वेळा ती चटकन मागे येते की नाही ते पाहावे. नंतर, वाहन मुख्य स्टँडवर व न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. रेस वाढली तर केबल कोठेतरी ताणली जात आहे असे समजून ती पुन्हा बसवावी. यांतील एकाही परीक्षेत मूठ नापास झाली तर त्या दिवशी वाहन रस्त्यावर नेऊ नये. वर्दळीच्या कोपर पुलावर समोरचा रिक्षावाला अचानक थांबतो तेव्हा ब्रेकइतकीच, किंबहुना त्याच्या आधी, ही मूठ मिटावी लागते. आणि ती मिटण्यास साहाय्य करील तेच, आणि तेवढेच, वंगण तिला द्यावे.