शिलालेखांतील मित्या व गणकयंत्रांतील तारखा

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलाहार मांवाणीच्या लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ ठरविला. एका अंकानें दोन शतकें सरकलीं. संग्राहक आपल्या याद्या आतां संगणकावर घालूं लागले आहेत, म्हणून याचें स्मरण देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

यंत्रास ‘शके ९८२’ हीं केवळ अक्षरें होत. ७८ मिळवून (जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंत ७९) इसवी सन १०६० आपणांसच काढावा लागतो. एक्सेल १९०० पूर्वींचा दिवस तारीख म्हणून घेत नाहीं. पँडासच्या नॅनोसेकंदी तारखेची मर्यादा १६७७ आहे. तेथें ‘कोअर्स’ हा पर्याय दिला कीं न बसणारी नोंद मुकाट्यानें कोरी होते, आणि हाच लोप आम्हांस सर्वांत घातक वाटतो. पायथनची साधी तारीख मागें जाते खरी, पण ती ग्रेगरी पद्धतीनेंच मोजते. १०६० सालीं ज्यूलियन तारखेशीं तिचें सहा दिवसांचें अंतर पडतें. शिवाय ७८२ दिला तरी ती ८६० हें सालही बिनतक्रार स्वीकारील!

यास्तव मूळ पाठ एका रकान्यांत जसाच्या तसा, वाचन करणाराचें नांव दुसऱ्यांत व काढलेली तारीख तिसऱ्यांत ठेवावी. पहिला रकाना कधींही पुसूं नये.