पालिकेच्या इमारतींतील वीजबचत : शिवाजीनगरच्या नागरिकांसाठी माहिती

शिवाजीनगरमधील प्रभाग कार्यालय, पालिकेची शाळा किंवा रसेल मार्केट यांसारख्या सार्वजनिक इमारतींचे वीजबिल शेवटी तुमच्याच करातून भरले जाते. हे बिल कमी कसे होते आणि त्यात नागरिक म्हणून तुम्ही काय करू शकता, ते येथे वाचा.

कायदा आणि यंत्रणा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ अन्वये केंद्रात ऊर्जा दक्षता ब्यूरो (बीईई) स्थापन झाला. पंखे, एसी आदी उपकरणांवरील तारांकित लेबल हाच ब्यूरो ठरवतो. कर्नाटकात या कायद्याची अंमलबजावणी पाहणारी संस्था म्हणजे क्रेडल. केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली ईईएसएल ही कंपनी सरकारी इमारतींसाठी कार्यक्रम राबवते. त्यात सुरुवातीचा खर्च कंपनी करते आणि इमारतीची मालक संस्था तो पुढील काही वर्षांत फेडते.

काम कोणत्या क्रमाने होते?

१. ऊर्जा लेखापरीक्षण : कोणत्या खोलीत, कोणत्या उपकरणावर, किती तास वीज जाते याची मोजणी. जुन्या वायरिंगची तपासणीही याच वेळी करून घ्यावी. १९२७ मध्ये बांधलेल्या रसेल मार्केटमध्ये २०१२ साली आग लागून अनेक दुकाने जळाली होती. त्यामुळे जुन्या इमारतीत वायरिंगची तपासणी बचतीइतकीच सुरक्षिततेसाठीही हवी.

२. उपकरणे बदलणे : जुन्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी, साध्या पंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा. एसी २४ अंशांवर ठेवावा. तापमान एक अंशाने वाढवले की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते, असे ब्यूरो सांगतो.

३. मंजूर भार कमी करणे : ही पायरी हमखास राहून जाते. बिलातील स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो. उपकरणे बदलूनही बेस्कॉमकडे भार कमी करण्याचा अर्ज केला नाही, तर युनिट घटतात, पण स्थिर आकार तेवढाच राहतो.

उदाहरण

समजा, एका कार्यालयात ४० जुन्या ट्यूबलाइट आणि २० पंखे आहेत. ते वर्षाला २५० दिवस, रोज ८ तास चालतात. विजेचा दर ८ रुपये युनिट धरू.

- ट्यूबलाइट : चोकसह ५० वॅटऐवजी २० वॅटची एलईडी. वर्षाला २,४०० युनिट, म्हणजे १९,२०० रुपये वाचतात. एक एलईडी ३०० रुपयांना धरली, तर १२,००० रुपयांचा खर्च आठ महिन्यांच्या आत वसूल होतो.
- पंखे : ७५ वॅटऐवजी ३० वॅट. वर्षाला १,८०० युनिट, म्हणजे १४,४०० रुपये वाचतात. एक पंखा २,८०० रुपयांना धरला, तर ५६,००० रुपये वसूल व्हायला जवळजवळ चार वर्षे लागतात.

म्हणून निधी कमी असेल तर आधी दिवे बदलावेत. त्यांतून वाचलेल्या पैशांतून पंखे घेता येतात.

तुम्ही काय करू शकता?

- प्रभागाच्या बैठकीत विचारा : आपल्या प्रभागातील इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण झाले आहे का?
- उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकार कायदा २००५ अन्वये अर्ज करा. मागील तीन वर्षांची वीजबिले, मंजूर भार आणि लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.
- अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो. येथे मराठीतील अर्ज चालत नाही. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अर्ज कोणत्या पालिकेकडे करायचा?*
२०२५ मध्ये बीबीएमपीच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महानगरपालिका आल्या. शिवाजीनगर बंगळुरू मध्य महानगरपालिकेत येते.

*पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पालिकेच्या कार्यालयाला मिळते का?*
नाही. छतावरील सौर संचाचे ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे.

*बोरिंग रुग्णालयाची माहितीही पालिकेकडेच मागायची का?*
नाही. ते राज्य सरकारचे रुग्णालय आहे, त्यामुळे अर्ज रुग्णालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा.

लक्षात ठेवा : बदल होण्याआधीच्या बारा महिन्यांची बिले जपून ठेवायला सांगा. ती नसतील, तर किती बचत झाली हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.